मदत हवी आहे: दापोलीहून एका दिवसात हर्णै-सुवर्णदुर्ग, सोबत ७२ वर्षांची आई

नमस्कार मंडळी, डिसेंबरात दापोलीला घरचं लग्न आहे, त्यात एक अख्खा दिवस मोकळा मिळतोय आणि तो हर्णैला घालवायचाय. १५-१६ किमी, गाडी आपलीच. सोबत आई (गुडघे दुखतात) आणि ९ वर्षांचा मुलगा.

खरं कारण आईच आहे. तिचं आजोळ आंजर्ल्याचं, लहानपणी भाऊच्या धक्क्यावरनं आगबोटीने यायची, बोट हर्णैला खोल पाण्यात थांबायची आणि मग पडावात उतरून किनारा गाठायचा. दरवेळी समोर सुवर्णदुर्ग दिसायचा पण आत कधी जाणं झालं नाही, अजून बोलून दाखवते. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले आले, त्यात हा आहे हे कळल्यापासून तर रोजच विषय निघतो. मुलाच्या डोक्यात कान्होजी आंग्रे आहेत, त्यामुळे तोही मागे लागलाय.

त्या दिवशी अष्टमी आहे. तिथीची पाऊणपट केली तर भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास आणि भर दुपारी ओहोटी, बरोबर ना? मग होडी कधी घ्यावी? चढता-उतरताना पाण्यात उतरावं लागतं का, कारण आईला कुणी उचलून घेतलेलं आवडणार नाही पण हात धरला तर ती येईल. आणि मासळीचा लिलाव तिला दाखवायचाच आहे, त्याची वेळ कशी जमवू?

प्रतिसाद:
हिशोब बरोबर आहे. अष्टमी म्हणजे भांग (लहान भरती-ओहोटी), उधाणासारखं पाणी फार आत-बाहेर करत नाही, तुमच्या दृष्टीने बरंच आहे. तरी आठलाच होडीवर जा, दुपारवर ढकलू नका. आम्ही गेलो तेव्हा किल्ल्यापाशी गुडघाभर पाण्यात उतरलो होतो आणि खाली दगड निसरडे, म्हणून आईंना पट्ट्याच्या सँडल घाला आणि तांडेलाला (होडी चालवणाऱ्याला) आधीच सांगून ठेवा, ही माणसं फार सांभाळून नेतात. आत सावली कमी आहे, पाणी न्या. दरवाज्यात पायरीवर कासव आणि बाजूला मारुती कोरलेला आहे, मुलाला शोधायला लावा. दुपारी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती करा, आता खाडीवर पूल आहे. लिलाव सकाळीही असतो पण खरी गर्दी चारनंतर, होड्या लागायला लागल्या की. आईंना कडेला बसवा, खाली सगळं ओलं असतं.

मूळ प्रश्नकर्ता:
खूप आभार!! आईला वाचून दाखवलं, कड्यावरच्या गणपतीचं नाव ऐकून डोळे भरले तिचे. आता आठची होडी नक्की, घडीची खुर्ची पण घेतो. तांडेलाशी आदल्या दिवशी बोलायचं तर बंदरावर किती वाजता भेटतील?