एक इंची सेन्सर, २०० मेगापिक्सेल आणि टेलिकन्व्हर्टर: सिंहस्थाआधी नवा कॅमेरा-फोन घ्यावा का?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नव्या कॅमेरा-फोनांच्या जाहिराती सुरू झाल्यात आणि कुठल्याही कंपनीची पाहिली तरी तीनच गोष्टी पुढे केलेल्या दिसतात. मुख्य कॅमेऱ्याला एक इंची सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप), टेलिफोटोला (दूरचं जवळ आणणाऱ्या कॅमेऱ्याला) २०० मेगापिक्सेल आणि वरून बसवायचा टेलिकन्व्हर्टर (झूम वाढवणारं जादा भिंग). सोबत 'आता कॅमेरा घरीच ठेवा' असा सूर.

माझी गरज नेमकी सांगतो. नाशिकच्या रामकुंडावरची संध्याकाळची आरती, नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यातले पक्षी, अधूनमधून द्राक्षबागेत घड आणि पानांवरच्या रोगाचे जवळून फोटो, आणि वर्षाकाठी पाच-सहा १२×१८ इंची प्रिंट. सध्या एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) डीएसएलआर, त्यासोबत आलेली १८-५५ किट लेन्स आणि ५० मिमी एफ/१.८ लेन्स आहे (एफचा आकडा लहान तेवढा प्रकाश जास्त). २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नानं आहेत. त्या गर्दीत बॅग सांभाळत फिरणं अवघड, म्हणून फोनचा विचार आहे.

जाहिरातीतलं काय खरं मानायचं, काय सोडून द्यायचं? आणि एम.जी. रोडवर दुकानात फोन हातात आला की पंधरा-वीस मिनिटांत काय तपासायचं? 'मस्त आहे, घेऊन टाका' असं उत्तर नको, आकडे हवेत.

भिंगवाला

आधी 'एक इंच' या शब्दाचा उलगडा करू. हा सेन्सर कुठूनही मोजला तरी एक इंच भरत नाही. तो १३.२ × ८.८ मिमी असतो, कर्ण जवळपास १६ मिमी. नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून चालत आलंय. फुल फ्रेमचं (मोठ्या कॅमेऱ्यांतल्या ३६ × २४ मिमी सेन्सरचं) क्षेत्रफळ ८६४ चौरस मिमी आणि याचं ११६, म्हणजे साडेसात पट फरक.

तरी फोनसाठी हा सेन्सर मोठाच म्हणायचा. तो नवा मात्र नाही. पॅनासॉनिकच्या सीएम१ मध्ये २०१४ साली होता, शार्पच्या अ‍ॅक्वॉस आर६ मध्ये २०२१ ला, शाओमीच्या १२एस अल्ट्रामध्ये २०२२ ला. '२०० मेगापिक्सेल' ऐकून भारावणाऱ्यांनी नोकिया ८०८ आठवावा. २०१२ साली त्यात ४१ मेगापिक्सेल होते, आणि ते सगळे मिळून ५ मेगापिक्सेलचा स्वच्छ फोटो काढण्यासाठी होते. आजही गणित तेच आहे. २०० मधले १६-१६ पिक्सेल एकत्र येतात आणि हातात साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो पडतो.

आता तुमच्याकडच्या लेन्सशी तुलना. एक इंची सेन्सरचा क्रॉप २.७ आहे, म्हणजे फुल फ्रेमचा कर्ण त्याच्या कर्णाच्या २.७ पट. एफ/१.८ ची लेन्स असेल तर एकूण प्रकाश आणि पार्श्वभूमीचा धूसरपणा यांच्या हिशेबाने ती फुल फ्रेमवरच्या एफ/४.९ सारखी वागते. तुमची किट लेन्स १८ मिमीला एफ/३.५ आहे, क्रॉप १.५, म्हणजे एफ/५.३. थोडक्यात, वाइडला (रुंद दृश्याला) फोन तुमच्या किट लेन्सच्या बरोबरीचा किंवा कांकणभर सरस. शिवाय फोन अनेक फ्रेम एकावर एक रचतो, त्यामुळे स्थिर दृश्यात तो पुढेच जातो. काळाराम मंदिराचा दगडी सभामंडप, गोदाघाटावरचे दिवे, सोमेश्वरचा धबधबा यांसाठी फोनवर बिनधास्त विसंबा.

टेलिफोटोला मात्र पारडं फिरतं. यातल्या नावाजलेल्या २०० मेगापिक्सेल टेलिफोटोचा सेन्सर साधारण १/१.४ इंची असतो, क्रॉप ३.८ च्या आसपास. त्याची लेन्स ८५ मिमी (हा आकडा आधीच फुल फ्रेमच्या हिशेबाचा) एफ/२.२७, म्हणजे फुल फ्रेमच्या हिशेबाने एफ/८.६. तुमचा पन्नास एफ/१.८ त्याच हिशेबाने ७५ मिमी एफ/२.७. एका फ्रेममध्ये जमणाऱ्या प्रकाशात दहापट फरक पडतो. पोर्ट्रेट मोडचा धूसरपणा सॉफ्टवेअर रंगवतं, हा दहापट प्रकाश ते आणू शकत नाही. पन्नास विकू नका.

प्रिंटची चिंता नको. साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो ३:२ मध्ये कापला तर लांब बाजूला ४०८० पिक्सेल राहतात. १८ इंचांवर २२७ डीपीआय (इंचामागे तेवढे पिक्सेल) झाले, आणि हातभर अंतरावरून पाहायच्या प्रिंटला ते पुरतात.

पाणथळ

पक्ष्यांचं बोलतो, कारण जाहिराती सर्वांत जास्त इथेच फसवतात.

चित्रबलाक धरू, उंची साधारण एक मीटर. अंतर ४० मीटर, आणि नांदूर मध्यमेश्वरला एवढ्या जवळ तो क्वचितच असतो. ८५ मिमीला साडेबारा मेगापिक्सेलच्या फोटोत तो उभा २५० पिक्सेल भरतो. २०० मिमीला ५९० च्या आसपास. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमला ६०० मिमीची लेन्स लावली तर २५००. मोबाईलच्या पडद्यावर ५९० पिक्सेलचा पक्षी छान दिसतो, १८ इंची प्रिंटवर तो दोन-अडीच इंचांपुरता असतो.

'मग २०० मेगापिक्सेल मोड चालू करा' असं कुणीतरी सुचवेलच. तो सेन्सर ०.५६ मायक्रॉन पिक्सेलचा आहे. एफ/२.२७ ला हिरव्या प्रकाशाचा सर्वांत बारीक ठिपकाही विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) तीन मायक्रॉनचा होतो, म्हणजे पाचेक पिक्सेल झाकतो. शिवाय १६ पिक्सेलांवर एकाच रंगाचा फिल्टर असतो. भर उन्हात ५० मेगापिक्सेल मोड थोडं जास्त देतो, त्यापुढे फक्त फाईल जड होते.

टेलिकन्व्हर्टरबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. तिन्हींतला हाच भाग मला मनापासून आवडलाय, कारण इथे सॉफ्टवेअर नाही, खरी काच आहे. व्हिवोने एक्स२०० अल्ट्रासोबत २०२५ मध्ये दिला तो २.३५ पट होता, ८५ चे २०० मिमी होतात. डीएसएलआरचा कन्व्हर्टर लेन्सच्या मागे बसतो आणि एक-दोन स्टॉप प्रकाश खातो (दर स्टॉपला प्रकाश निम्मा). फोनचा पुढे बसतो, दुर्बिणीसारखा. प्रकाश आत घेणारं तोंड १० मिमीचं २३ मिमी होतं, त्यामुळे एफ आकडा जवळपास तोच राहतो. नुसतं क्रॉप करण्याच्या तुलनेत पक्ष्यावरून येणारा प्रकाश साडेपाच पट मिळतो. हे कुठल्याही एआयला जमणारं नाही.

अडचणीही काचेच्याच आहेत. त्याला ठरावीक कव्हर लागतं आणि कव्हर अर्धा मिमी जरी सरकलं तरी एका बाजूचे कोपरे मऊ (अस्पष्ट) येतात. प्रतिमा उलटी पडते, अ‍ॅपमधला कन्व्हर्टर मोड ती सुलटी करतो. दुसऱ्या कुठल्या अ‍ॅपमधून वापरायला गेलात तर पक्षी डोक्यावर उभा. पक्षी पाहायच्या मनोऱ्यावरून वापरताना फोन कठड्याला टेका, बसलेल्या पक्ष्याला शटर १/२५० सेकंद, उडत्याला किमान १/१०००. उडता पक्षी फोनचा फोकस बहुतेक वेळा सोडतो, त्याची आशा धरू नका. थंडीतही दहानंतर पाण्यावरची हवा तापून लहरते. तेव्हा फोटो मऊ आला तर दोष फोनला देऊ नका.

आणि ३० पटीच्या पुढचा झूम हा फोटो मानू नका. २०२३ मध्ये सॅमसंगच्या एस२३ अल्ट्राच्या चंद्रावरून गदारोळ झाला तो यासाठीच. मुद्दाम धूसर केलेल्या चंद्राच्या चित्रातही फोनने खड्डे भरून दिले होते. पिसांचंही तेच होतं. पक्षी ओळखायचा असेल तर खोटी पिसं नोंदीत चूक घालतात.

दीपमाळ

आरती आणि दुकान, दोन्हीचं सांगते.

आरतीत एकीकडे कापराची ज्योत आणि एलईडीचे झोत, दुसरीकडे काळोखातलं पाणी. फोन आठ-दहा फ्रेम जोडतो, तेवढ्यात ज्योत हललेली असते. म्हणून ज्योतीला दुहेरी कड येते किंवा ती सपाट पांढरी होते. नाइट मोड बंद करा. प्रो मोडमध्ये (जिथे सगळं हाताने ठरवता येतं) शटर १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे १/१०० किंवा १/५० ला पट्टे बहुधा येत नाहीत, १/१२५ ला येऊ शकतात. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० पासून सुरू करा, एक्स्पोजर ज्योतीवर बेता, अंधार रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाईलमधून उचला. व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडला तर फोन सगळी केशरी झाक पुसून टाकतो. ३५०० ते ४००० केल्व्हिनवर बांधून टाका. लेन्सवर बोटाचा तेलकट डाग असेल तर प्रत्येक दिव्याला शेपूट फुटतं, तेव्हा आधी काच पुसा.

वाट पाहण्यासारखं काही असेल तर ते याच बाबतीत आहे. लोफिक नावाचा सेन्सरप्रकार हळूहळू येतोय. २०२४ च्या ऑनर मॅजिक६ अल्टिमेटमध्ये तो होता. प्रत्येक पिक्सेलशेजारी एक जादा धारक असतो, पिक्सेल भरून वाहू लागला की उरलेला भार त्यात साठतो. एकाच एक्स्पोजरमध्ये ज्योत आणि काळोख दोन्ही सापडतात, फ्रेम जोडण्याची गरज कमी होते. माहितीपत्रकात २०० च्या आकड्यापेक्षा मी आधी हे शोधेन.

आता दुकान. डेमो फोन झगझगीत उजेडात मांडलेले असतात, तिथे कुठलाही फोन चांगलाच दिसतो. परवानगी काढून जिन्यात किंवा पार्किंगच्या तोंडाशी जा. ५ पट झूम लावा आणि टेलिफोटोच्या भिंगावर बोट ठेवा. चित्र तसंच राहिलं तर फोन टेलिफोटो वापरतच नाहीये, मुख्य कॅमेऱ्याचा तुकडा कापून मोठा करतोय. मंद उजेडात बरेच फोन गुपचूप हेच करतात. फोटोच्या तपशिलातही ते पकडता येतं: लेन्सची प्रत्यक्ष फोकल लांबी (फुल फ्रेमच्या हिशेबाची नव्हे) ८-९ मिमी दिसली तर मुख्य कॅमेरा, २०-२२ च्या आसपास दिसली तर टेलिफोटो.

मग रस्त्यापलीकडची मराठी पाटी ३० पटीवर टिपा. एआय इंग्रजी अक्षरं बऱ्यापैकी सावरतो, देवनागरीत त्याची गाळण उडते. अनुस्वार गायब, जोडाक्षरांचा गोळा, शिरोरेखा मध्येच तुटलेली. एआय झूम बंद करायची सोय सेटिंगमध्ये आहे का, ते तिथेच बघून घ्या.

दुसऱ्या फोनवर स्टॉपवॉच लावा आणि बरोबर १० सेकंदांवर बटण दाबा, असं पाच वेळा. फोटोत १०.१ च्या आत आकडे येत असतील तर उत्तम. दर वेळी वेगळाच आकडा येत असेल तर आरतीतला नेमका क्षण हुकणार. वर्तमानपत्राचं पान भिंतीला सपाट लावून चारही कोपरे तपासा. एकच कोपरा मऊ असेल तर त्या नगाची भिंगं तिरकी बसलेली आहेत, सगळ्या मॉडेलला नावं ठेवू नका.

द्राक्षाचं राहिलं. मोठा सेन्सर म्हणजे जवळचा फोकस लांब. घडाजवळ गेलात की फोन न सांगता अल्ट्रावाइडवर उडी मारतो आणि फोटो चिखल होतो. पडद्यावरचं फुलाचं चिन्ह दाबून ऑटो मॅक्रो बंद करा, दोन पावलं मागे या आणि टेलिफोटोने घ्या. भुरीचा पांढरा थर पानावर कडेने उजेड पडेल असा धरा, समोरून फ्लॅश मारलात तर तो दिसत नाही.

गोदाकाठ

तिघांचेही मनापासून आभार. बोट ठेवायची युक्ती लक्षात राहील. दोन शंका उरल्या. स्नानं आषाढाच्या अखेरीपासून भाद्रपदापर्यंत, म्हणजे पाऊस धरूनच चालायचं. आयपी६८ वर (धूळ-पाण्यापासून बचावाच्या दर्जावर) कितपत भरवसा ठेवावा? आणि विक्रीला आल्या आल्या घ्यावा की थांबावं?

भिंगवाला

आयपी६८ ची चाचणी गोड्या, स्वच्छ पाण्यात, नव्या कोऱ्या फोनवर होते. पावसाची सर सहज झेलेल. पण एकदा पडून कड चेपलेल्या फोनला तो भरवसा नाही. शिवाय पाण्याने बिघडलेला फोन वॉरंटीत सहसा बसत नाही. पावसात खरी अडचण वेगळीच असते, थेंबांनी टचस्क्रीन भलतीकडेच चालते. आवाजाचं बटण शटरला जोडून ठेवा. चार्जिंगच्या खाचेत ओल असताना केबल लावू नका. टेलिकन्व्हर्टर आणि फोन यांच्या मधली फट बंद नसते, तिथे वाफ धरली की सगळा फोटो दुधी होतो. पावसात तो काढून डब्यात ठेवा, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.

पहिल्या दिवशी घेऊ नका. सुरुवातीचे नमुने आणि परीक्षणं बऱ्याचदा अपुऱ्या सॉफ्टवेअरवरची असतात, रंग आणि शटरचा उशीर पुढच्या दोन-तीन अपडेटमध्ये बदलतात. आठ आठवडे थांबा. तोवर भारतात येणारं मॉडेल नेमकं कोणतं हेही कळेल. एक्स२०० अल्ट्रा आपल्याकडे आलाच नाही. शाओमी १५ अल्ट्राला चीनमध्ये ६००० एमएएचची बॅटरी होती, बाहेरच्या मॉडेलला ५४१०. बाहेरून मागवलेल्या फोनला इथली वॉरंटी धरू नका.

पाणथळ

एक जोडतो. फोन घ्यायचाच तर स्नानाच्या किमान दोन महिने आधी हातात असू द्या. रोज संध्याकाळी अर्धा तास रामकुंडावर प्रो मोडमध्ये चालवा, म्हणजे शटर आणि आयएसओ न बघता बदलता येतील. गर्दीत मेन्यू शोधायला सवड मिळत नाही. आणि क्लाउड बॅकअप त्या दिवशी बंद ठेवा. नेटवर्कवर ताण असला की फोन अपलोडच्या खटपटीत तापतो, आणि तापला की सगळ्यात आधी व्हिडिओचा दर्जा उतरतो.