पिस्टन्सची ही घोडदौड एप्रिलपर्यंत टिकेल का?

विश्रामबागकर | २५ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आज सकाळी एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये, डेट्रॉइट पिस्टन्सनी इंडियानाला हरवून सलग तेरावा सामना जिंकला. १५ विजय, २ पराभव. दिवाळीच्या सुमारास सामने पहाटे साडेचारला लागायचे. तिकडची घड्याळं मागे गेल्यापासून साडेपाचला लागतात, त्यामुळे कॉलेजला निघायच्या आत सगळा सामना बघून होतो.

हा संघ मी २०२३ च्या हिवाळ्यापासून बघतोय. त्या सीझनला ते सलग २८ सामने हरले होते. अठ्ठाविसावा पराभव बॉस्टनमध्ये, तोही जादा वेळेत, आणि संघाचा मुख्य खेळाडू केड कनिंगहॅम शेवटपर्यंत एकटा झगडत होता. सीझन संपला तेव्हा हिशेब १४-६८, म्हणजे १४ विजय, ६८ पराभव. पहिल्या सेमिस्टरला माझा गणिताचा पेपर राहिला होता, घरात कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. त्या दिवसांत हा संघ मला आपला वाटायला लागला. पुढच्याच सीझनला ४४-३८, आणि आता हे.

पण कॉलेजच्या ग्रुपवर सगळे म्हणतात, नोव्हेंबरचं काही खरं नसतं, पोरांचा संघ आहे, जानेवारीत बसेल. पोरं आहेत हे खरंच आहे. केड २४ वर्षांचा, जेलन ड्युरेन आणि ऑसार थॉम्पसन २२ चे, रॉन हॉलंड २० चा. एप्रिलपर्यंत अजून ६५ सामने बाकी आहेत. दुसऱ्या बाजूला हेही आहे की पिस्टन्स याआधी सलग १३ जिंकले ते १९८९-९० आणि २००३-०४ मध्ये, आणि दोन्ही वेळा विजेतेपद त्यांनाच मिळालं. माझा प्रश्न एवढाच : संघ टिकणार की नाही हे ओळखायला बघायचं काय? नुसता गुणतक्ता बघून मला काही कळत नाही.

पहाटवारा

ग्रुपवाले बरोबर म्हणतायत. फिलाडेल्फिया, २०१३-१४. पहिले तिन्ही सामने जिंकले, त्यात पहिलाच विजय गतविजेत्या मायामीवर. शेवट १९-६३, मध्ये सलग २६ पराभव. युटा, २०२२-२३. सुरुवात १०-३, शेवट ३७-४५. मी दोन्ही वेळा मनापासून विश्वास ठेवला होता, म्हणून सांगतो, आत्ताच जीव लावू नकोस.

हळदपेठ

पहाटवारा, तुमचे आकडे बरोबर आहेत, पण दोन्ही संघ एकाच पोत्यात भरू नका. फिलाडेल्फियाकडे मुळातच माणसं नव्हती. आणि युटाचा पोरकटपणा त्यांना नडला असं मला वाटत नाही. फेब्रुवारीत व्यवस्थापनानेच माइक कॉनलीला मिनेसोटाला देऊन टाकलं. मैदानावर सगळ्यांना जागेवर उभं करणारा पस्तिशीचा माणूस घरातून गेला, मग मागे राहिलेल्यांनी काय करायचं? पोरांच्या पायांना दोष देण्याआधी वर बसलेल्यांना हा सीझन जिंकायचा आहे का, ते बघायला हवं. डेट्रॉइटला जिंकायचं आहे. ३३ वर्षांचा टोबायस हॅरिस अजून तिथे आहे, यात मला सगळं दिसतं.

आता विश्रामबागकर, तुझ्या प्रश्नाकडे येतो. मी दिवसा हळदीच्या अडतीत हिशेब बघतो आणि संध्याकाळी मुलांना बास्केटबॉल शिकवतो, तेवीस वर्षं झाली. पण जे सांगणार आहे ते त्याआधीचं आहे. मी कॉलेजात असताना आमचा संघ सगळा पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा होता. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिले चार सामने आम्ही पळून जिंकले. अक्षरशः पळून. पूर्ण मैदानभर प्रेस लावायचा, म्हणजे समोरच्यांना सगळीकडे दाबत राहायचं, बॉल हिसकायचा, सुटायचं आणि रिंगजवळ जाऊन लेअप टाकायचा. चौथ्या सामन्याला पायऱ्यांवर एक माणूस वही घेऊन बसला होता. आम्हाला वाटलं कुणी पत्रकार असेल. पाचव्या सामन्यात समोरचा संघ आला तो बास्केट झाला की थेट मागे जाऊन झोन लावून, म्हणजे आपापली जागा अडवून, बसायचा. पळायला वाटच ठेवली नाही. पहिल्या हाफमध्ये आमचे ११ गुण. वही घेऊन बसलेला तो माणूस त्यांच्या बेंचवर होता.

घरी आजोबांना सांगितलं. ते तालमीतले. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्याकडं दुसरा डाव नव्हता?" नवा पैलवान पहिल्या पाच-सहा मैदानांत पट काढून सगळ्यांना चितपट करतो. मग गावोगावच्या वस्तादांना कळतं की हा पटाला येतो. सातव्या मैदानात समोरचा वाकूनच उभा राहतो. खरी कुस्ती तिथून लागते.

एनबीएत तो वहीवाला माणूस प्रत्येक संघाकडे आहे, आणि त्याच्यापुढे पडद्यावर प्रत्येक चाल शंभरदा फिरते. पंधरा-वीस सामने झाले की डाव फुटलेला असतो. म्हणून मी बघतो ते असं : यश कशावर उभं आहे? लांबून मारलेले तीन गुणांचे थ्री पॉइंटर पडताहेत म्हणून एखादा संघ महिनाभर जिंकत असेल, तर मी गप्प बसतो. ते महिनाभर पडतात आणि पुढचा महिना पडत नाहीत. पण रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), बचाव, रिंगखाली घुसून मिळवलेले गुण, हे हात चालत नसलेल्या रात्रीही मिळतात. डेट्रॉइट याच जातीचा संघ आहे. थॉम्पसन समोरच्या सगळ्यात चांगल्या खेळाडूला श्वास घेऊ देत नाही. ड्युरेन आणि आयझेया स्टुअर्ट रिंगखालून हलत नाहीत. म्हणून माझा या संघावर विश्वास आहे, आणि तो मी नोव्हेंबरातच सांगतो.

धाकधूक एका जागी आहे. सामना अटीतटीचा, शेवटची पाच मिनिटं. सगळ्या जगाला माहीत आहे की बॉल केडकडे जाणार आणि ड्युरेन येऊन स्क्रीन लावणार, म्हणजे केडला अडवणाऱ्याच्या वाटेत उभा राहणार. त्या वेळी दोघं मिळून केडवर गेले, तर मोकळा राहिलेला माणूस विचार न करता शॉट घेतो का? गेल्या सीझनला तो माणूस मलिक बीझली होता, त्याचे ३१९ थ्री पडले. तो आता नाही. त्याच्या जागी मायामीहून डंकन रॉबिन्सन आणलाय. कॉलेजच्या तिसऱ्या दर्जातून वर आलेला, ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, कुणीच न घेतलेला माणूस आहे, घाबरणारा नाही. तो दुसरा डाव ठरतो का, ते बघ. बाकी ती १९९० आणि २००४ ची उदाहरणं सोडून दे, ते मुरलेले संघ होते.

घाटवाट

मी साताऱ्याची, फिजिओथेरपिस्ट आहे. हळदपेठ सरांनी डावांचं सांगितलं, मला शरीराचं सांगायचंय.

ऑरलँडो मॅजिक बघा. नोव्हेंबर २०२३ च्या मध्यापासून सलग ९ जिंकले, तोही पोरांचाच संघ. आणि ते टिकले, ४७-३५, प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत, क्लीव्हलँडला सातव्या सामन्यापर्यंत नेलं. पण पुढच्या सीझनला आधी पाओलो बँकेरो आणि मग फ्रांझ वॅग्नर, दोघांचाही पोटाच्या बाजूचा एकच स्नायू फाटला. शेवट ४१-४१. त्यात वयाचा काही दोष नाही.

आमच्याकडे हिल मॅरेथॉनच्या दुसऱ्या दिवशी दवाखाना भरतो. येणारे बहुतेक सांगतात की यवतेश्वरचा घाट चढताना काही झालं नाही, उतरताना मांड्या गेल्या. दमलेल्या स्नायूला जेव्हा स्वतःला आवरायचं असतं, तेव्हा तो तुटतो. बास्केटबॉलमध्ये उडी मारणं चढ आहे आणि खाली येणं उतार. लागोपाठ दोन रात्री सामने, मध्ये विमान, झोप चार तास, आणि तरी ड्युरेनसारख्या अंगाच्या माणसाला शंभर वेळा जमिनीवर उतरायचंय. म्हणून मी फेब्रुवारी-मार्चमध्ये गुण बघत नाही. केडला किती मिनिटं खेळवताहेत आणि मोठ्या फरकाने पुढे असताना त्याला बसवतात का, ते बघते.

आणि पहाटवारा, ओक्लाहोमा सिटी विसरलात. २०२३-२४ मध्ये पोरांचा संघ ५७-२५, पश्चिमेकडच्या संघांत पहिला. प्लेऑफमध्ये डॅलसने सहा सामन्यांत घरी पाठवलं. त्यांनी उन्हाळ्यात रिंगखाली हार्टनस्टाइन आणि बचावाला कारूसो आणला. पुढच्या सीझनला ६८-१४ आणि विजेतेपद. सुरुवात टिकली, कारण हरल्यावर नेमकं काय कमी पडलं ते त्यांनी शोधलं.

पहाटवारा

ओक्लाहोमा मान्य. पण त्यांच्याकडे शे गिल्जस-अलेक्झांडरसारखा अव्वल खेळाडू आहे. केड त्या तोडीचा झाला का, हे मला अजून दिसायचंय.

विश्रामबागकर

सगळ्यांचे आभार. ताई, मिनिटांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आजपासून एक वही घातली आहे. पाच गुणांच्या आतले सामने, शेवटची पाच मिनिटं, केडवर दोघं गेल्यावर बॉल कुणाकडे गेला आणि त्याने काय केलं, एवढंच लिहिणार. शेजारी केडची मिनिटं.

हळदपेठ काका, एक विचारू? तुम्ही शिकवता तिथे मी आलो तर चालेल का? शाळेनंतर बॉल हातात घेतलेला नाही.

हळदपेठ

ये की. सहानंतर ये, मुलं सातपर्यंत असतात. बूट घालून ये, मैदान सिमेंटचं आहे. आणि वही आण.