मदत हवी आहे : माजलगाव धरणावर जाळ्याचा आस (भोकाचा आकार) किती ठेवावा?

नमस्कार मंडळी. आम्ही भोई, सिंदफणेकाठचे. आजोबांपासून घरात एक रीत आहे: जाळ्याच्या आसात चार बोटं सहज गेली पाहिजेत, आणि पहिल्या पुरात वर चढणाऱ्या गाभोळीच्या, म्हणजे पोटात अंडी असलेल्या, माशाला हात लावायचा नाही. रोहू-कटला धरणाच्या साचल्या पाण्यात अंडी घालत नाही, त्याला वाहतं पाणी लागतं. म्हणून ही रीत मला आजही पटते.

अडचण चिलापीची (तिलापिया माशाची) आहे. तिची मादी अंडी तोंडातच सांभाळते, त्यामुळे पिल्लं भरपूर जगतात. मोठ्या आसातून ती निसटते. बारीक जाळं टाकावं तर चिलापीबरोबर रोहूची बोटुकलीही (बोटाएवढं पिल्लू) गळ्यात अडकून मरते. सोडवेपर्यंत खवलं निघालेली असतात. काहीजण तर मच्छरदाणीसारखं जाळं ओढतात, त्यांना काय बोलणार!

जायकवाडी, येलदरीकडं कुणी फक्त चिलापीसाठी वेगळं जाळं वापरतं का? आस किती, आणि काठालगत लावता की खोल पाण्यात? मच्छीमार संस्थेच्या बैठकीत सगळ्यांसाठी एकच आस ठरवून घेतला असेल, तर लोकांना कसं पटवलं तेही सांगा. पुढच्या आठवड्यात नवीन जाळं विणायला घ्यायचंय.