बहिणीनं सही केली तरच ती गुणाची? कायद्यातली, धोरणातली आणि घरातली समानता

नदीकाठची

वडील गेल्यावर महिना-दोन महिन्यांत बहुतेक शेतकरी घरांत एक कागद तयार होतो : हक्कसोडपत्र, म्हणजे बहिणीनं आपला वाटा भावाला सोडून दिल्याचा दस्त. भाऊ गाडी पाठवतो. बहिणी तालुक्याला दुय्यम निबंधक कार्यालयात येतात, बाकड्यावर बसून नंबराची वाट बघतात. आत गेलं की कॅमेऱ्यासमोर फोटो, यंत्रावर अंगठा, "दस्तातला मजकूर मान्य आहे ना?" असा प्रश्न. मान हलली की पुढचा नंबर. दस्त वाचायला कुणी देत नाही, मागायची पद्धतही नाही. वाट्याची जमीन किती गुंठे आणि तिची सरकारी किंमत किती, हे सही करणारीला बहुतेक वेळा माहीत नसतं. मुद्रांक पाचशेचा. बाहेर आल्यावर हॉटेलात जेवण, कुणाकडे साडी.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. महाराष्ट्रानं 1994 साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला, पण 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. केंद्रानं 9 सप्टेंबर 2005 पासून ती अटही काढली. त्या तारखेला वडील हयात हवेत की नकोत यावर न्यायालयांत पंधरा वर्षं घोळ चालला. 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तो मिटवला : हक्क जन्मानं मिळतो, वडील हयात असण्याचा संबंध नाही.

सरकारी धोरणात समानतेचा अर्थ आणखी वेगळा. लाडकी बहीण योजनेत महिना 1500 रुपये, एसटीत अर्धं तिकीट, बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत. ही सवलत 2021 मध्ये आली तेव्हा अट होती की ते घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही. म्हणजे बाईला सवलत द्यायची आणि तिच्याच घरावर तिचा पूर्ण अधिकार ठेवायचा नाही. ती अट 2023 मध्ये गेली.

माझं म्हणणं एवढंच, की बाईच्या हातात मालमत्ता राहते की नाही यावर समानता मोजा. कायदा देतो आणि घर ते एका दुपारी काढून घेतं. सरकारला खरंच काही करायचं असेल तर दोन गोष्टी कराव्यात. वारसनोंद झाल्यावर पहिलं एक वर्ष बिनमोबदला हक्कसोडपत्र नोंदवून घेऊ नये. आणि नोंदवताना बहिणीला एकटीला आत बोलावून तिच्या वाट्याचं क्षेत्र आणि किंमत वाचून दाखवावी.

कोरडवाहू

ताई, तुम्ही कागद बघितलाय, रान बघितलेलं नाही. आमची तीन एकर जिरायत. दोघं भाऊ, तीन बहिणी, वर आई. वारसनोंद झाली आणि सातबारा सामायिक झाला, की सोसायटीचं पीककर्ज अडतं. सगळ्या खातेदारांचं संमतीपत्र आणा म्हणतात. एक बहीण सुरतेला, एक पुण्याला. पेरणीच्या तोंडावर मी सह्या गोळा करत फिरू? पीकविम्यालाही तेच. एक वर्ष दस्त नोंदवू नका म्हणता, त्या वर्षात एक खरीप आणि एक रब्बी जाते.

दुसरं. तीन लग्नांचं कर्ज आम्ही भावांनी फेडलं. आईला अर्धांगवायू झालाय, तिचं सगळं अंथरुणात आहे आणि ते माझी बायको करते. हक्क समान म्हणता तर ही जबाबदारी कुणात वाटायची?

बहिणीवर माझा राग नाही. पण तिच्या वाट्याची खरी वाट बघणारे दाजी असतात. रस्त्याकडेचा तुकडा गिऱ्हाईकाला दाखवून मोकळे होतात. शेवटी जमीन बाईच्या हातात राहते की दुसऱ्या पुरुषाच्या खिशात जाते, याचंही उत्तर द्या.

सही केलेली

मी हक्कसोडपत्रावर सही केली आहे. मला कुणी दमात घेतलं नव्हतं आणि दस्त मी पूर्ण वाचला होता. माझी नोकरी आहे, ठाण्यात माझ्या नावावर घर आहे. भाऊ शेतीवर जगतो. मला माझा वाटा त्याला द्यायचा होता, दिला.

'नदीकाठची' यांचा सूर असा, की सही करणारी प्रत्येक बाई भोळी किंवा दबलेली. मला एकटीला आत बोलावून "बाई, तुला कळतंय ना?" असं विचारणार असाल तर तो माझा अपमान आहे. भावाला कुणी असं विचारत नाही. प्रौढ बाईचा निर्णय प्रौढ माणसाचा निर्णय म्हणून मानणं ही समानता नाही का? पंधरा वर्षं पुरुषाला घर विकायचं नाही ही अट तुम्हाला खटकते. मग एक वर्ष हक्क सोडायचा नाही ही अट वेगळी कशी?

नदीकाठची

आधी 'सही केलेली' यांना. तुम्ही वाचून, समजून, पोटापाण्याची सोय असताना दिलंत. तो तुमचा अधिकार आहे आणि माझ्या सूचनेनं तो जात नाही, फक्त वर्षभर थांबतो. पण एक विचारते. तुमच्या ओळखीत असा भाऊ असेलच, जो वीस वर्षं पुण्या-मुंबईत नोकरी करतो, रानात पाय ठेवत नाही, गावाकडे स्वतःचं पोट अवलंबून नाही. त्याच्याकडे कुणी हक्कसोडपत्र मागितलं का? त्याचं नाव सातबाऱ्यावर तसंच राहतं आणि त्याला कुणी लोभी म्हणत नाही. जमीन कसणाऱ्याला मिळावी असा नियम असेल तर तो नोकरीवाल्या भावालाही लागू करा. तो फक्त बहिणीलाच लागतो, म्हणून मी याला निवड म्हणायला कचरते. नाही म्हटल्यावर माहेर तुटणार असेल, तर होकाराला किती अर्थ उरतो?

आता कोरडवाहू दादा. आई-वडिलांना सांभाळण्याची जबाबदारी कायद्यानं मुलीवर आधीपासून आहे. 1987 सालीच सर्वोच्च न्यायालयानं विजया अरबट यांच्या प्रकरणात सांगितलं की लग्न झालेल्या मुलीवरही वडिलांच्या पोटगीची जबाबदारी येते. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातही मुलगा आणि मुलगी दोन्ही आहेत. तेव्हा आईच्या औषधपाण्यात बहिणींकडून हक्कानं वाटा मागा, मी तुमच्या बाजूनं बोलेन.

दाजींबद्दल : भावानं जमीन विकून गाडी घेतली तर आपण त्याला उधळ्या म्हणतो, पण पुरुषांना वारसा देऊ नका असं कुणी म्हणत नाही.

निवृत्त मंडळ अधिकारी

महसुलात आयुष्य गेलं, म्हणून लिहितो. 'नदीकाठची' आणि 'कोरडवाहू', दोघांचंही अर्धं बरोबर आहे. संमतीपत्राची अडचण खरी आहे, ती भावांनी रचलेली सबब नाही. वाद नसतानाही केवळ कर्जासाठी बहिणींची नावं कमी करून घेणारी घरं मी पुष्कळ पाहिली. त्यामुळे दुय्यम निबंधकाच्या टेबलावर उपाय शोधण्यापेक्षा बँकेच्या टेबलावर शोधा. कसणाऱ्यानं साधं स्वयंघोषणापत्र दिल्यावर सहहिस्सेदारांच्या सह्यांशिवाय पीककर्ज मिळू लागलं, तर निम्मी हक्कसोडपत्रं होणारच नाहीत असं माझं मत आहे. एकटीला आत बोलावण्याबद्दल मला शंका आहे. बाहेर भाऊ, चुलते, दोन साक्षीदार उभे असतात. आत खरं बोलून तिला परत त्याच गाडीत बसायचं असतं.

पण या चर्चेतून एक बाई पूर्ण सुटली आहे. कोरडवाहू, तुमच्या सौभाग्यवतींचं नाव कुठल्या सातबाऱ्यावर आहे? शेतकरी संघटनेनं 1986 मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं आणि पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली : नवऱ्यानं आपल्या जमिनीत बायकोचं नाव लावायचं. गावंच्या गावं त्यात उतरली. सरकारनं 1992 मध्ये त्यावर परिपत्रक काढलं. आजही अर्ज करता येतो, खर्च जवळपास नाही. माझ्या सेवेच्या शेवटच्या काळात असे अर्ज क्वचित यायचे. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटीच्या खात्यांपैकी बायकांच्या नावावर जेमतेम 14 टक्के होती. आणि भांगलणीला, कापूस वेचायला रानात कोण असतं ते सांगायला नको.

बार्देशकर

गोव्याचं उदाहरण इथे यायला हवं. आमच्याकडे 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा मुक्तीनंतरही चालू राहिला, त्यातला वारशाचा भाग आता राज्याच्या स्वतंत्र कायद्यात आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरतात, निम्मी-निम्मी. घर किंवा जमीन विकायची तर बायकोची सही लागते. बाप मृत्युपत्र करूनही मुलांचा राखीव अर्धा हिस्सा काढू शकत नाही, त्यात मुलगी आलीच. तुमच्याकडे स्वकष्टार्जित मालमत्ता बाप एका मृत्युपत्रानं सगळी मुलाला देऊ शकतो. ही पळवाट 2005 नंतरही उघडी आहे.

तरी सांगतो, आमच्याकडेही बहिणी नोटरीसमोर हक्क सोडतातच. कायदा इतका पक्का असूनही. म्हणून 'नदीकाठची' यांनी कायद्यावर जितका भर दिलाय तितका मी देणार नाही. फरक पडतो तो बायकोच्या सहीमुळे. ती घेतल्याशिवाय व्यवहार होत नाही हे नवऱ्याला लग्नापासून ठाऊक असतं, त्यामुळे घरात निदान विचारलं तरी जातं.

काळा कोट

सगळे धरून चाललेत की कायद्यात समानता आली आणि प्रश्न फक्त घरात उरलाय. तसं नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम 15 बघा. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता वारली, तर तिनं स्वतः कमावलेली मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिचे स्वतःचे आईवडील त्यांच्यानंतर. 2009 च्या ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण खटल्यातली नारायणीदेवी लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा झाली. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. माहेरी राहून शिकली, नोकरी केली, पैसा साठवला. ती वारल्यावर तो पैसा गेला नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांकडे, आणि सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सहानुभूतीवर निकाल देता येत नाही, कलम स्पष्ट आहे. पुरुष वारला तर त्याची मालमत्ता बायकोच्या माहेरी जाते का? कधीच नाही.

तेव्हा नोकरदार बायकांनी, विशेषतः मूल नसलेल्यांनी, मृत्युपत्र करून ठेवा. साधा कागद चालतो. दोन साक्षीदारांनी तुमची सही बघून आपल्या सह्या केल्या की पुरे, नोंदणी सक्तीची नाही. 'सही केलेली', ठाण्याच्या घराचं केलंय का?

सही केलेली

नाही केलेलं. मुलगी आहे मला, तरीही करते.

पण मूळ मुद्द्यावर मी ठाम आहे. नोकरीवाल्या भावाचं उदाहरण बरोबर आहे, त्याला उत्तर नाही. तरी त्यावर उपाय म्हणजे त्यालाही विचारा. मला अडवू नका.

वहिनी

कोरडवाहूंच्या घरातल्यासारखीच मी एक. सासूचं सगळं मी करते. नणंदा चांगल्या आहेत, सणाला येतात, मायेनं बोलतात. पण 'नदीकाठची' ताईंचं वाचून मनात आलं की मुलगी म्हणून माझा वाटा माझ्या भावाकडे राहिला, कारण मीही सही केली. इथे सून म्हणून माझ्या नावावर काही नाही. नणंदेचं नाव लागलं तर ती कागदावर येईल, न लागलं तर नवरा आणि दीर. मी कुठेच नाही. पहाटे पाचला मोटर चालू करायला जाते ती मी, लाइट त्याच वेळेला असते. दूध डेअरीला घालते मी, खातं नवऱ्याचं. लाडकी बहीणचे दीड हजार मात्र माझ्या खात्यावर येतात. हसू नका कुणी, माझ्या एकटीच्या नावावर येणारा तो पहिला पैसा आहे. त्याला नुसती खिरापत म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

लक्ष्मीमुक्तीचा अर्ज मी स्वतः करू शकते का?

निवृत्त मंडळ अधिकारी

नाही. अर्ज खातेदार नवऱ्यानं करायचा असतो, तलाठ्याकडे किंवा तहसील कार्यालयात. सातबारा सामायिक असेल तर आधी वाटणी होऊन त्याचा हिस्सा वेगळा निघावा लागेल. दूध डेअरीचं मात्र तुम्ही स्वतः करू शकता. संस्थेचं सभासदत्व तुमच्या नावानं मागा आणि बिल तुमच्या बँक खात्यावर घ्यायला सांगा.

नदीकाठची

वहिनी, दीड हजाराला मी खिरापत म्हटलेलं नाही, पुढेही म्हणणार नाही. माझी तक्रार ही की सरकार तेवढं देऊन थांबतं. तुम्ही सही केलीत त्या दस्ताची प्रत तुमच्याकडे आहे का? नसेल तर निबंधक कार्यालयातून सूची दोनची (नोंदलेल्या दस्ताच्या सारांशाची) नक्कल काढून घ्या. सही दबावाखाली किंवा फसवून घेतली असेल तर दस्त रद्द करून मागता येतो, पण त्याला मुदत असते. उशीर करू नका, वकिलाला दाखवा.

कोरडवाहू

बायकोचं नाव लावायला माझी हरकत नाही, धाकट्याशी बोलून वाटणीचं बघतो. बहिणींच्या वाट्याबद्दलचं माझं मत मात्र बदललेलं नाही. तुमचं ते एक वर्षाचं बंधन आणायचं असेल, तर आधी मंडळ अधिकारी साहेब म्हणतात तसं सोसायटीचं कर्ज सह्यांशिवाय सुरू करा. उलटा क्रम लावलात तर पहिला मार माझ्यासारख्यालाच बसणार. आणि सुरतच्या बहिणीला आज फोन केला. आईच्या औषधाचं बोललो. ती म्हणाली, "दादा, तू कधी मागितलंच नाहीस."