नर्सिंगमध्ये क्रिटिकल थिंकिंग येतं कुठून?

प्रश्न
मी मेडिकल वॉर्डची इन्चार्ज आहे. नवीन स्टाफ येतो, मार्क चांगले असतात, प्रोसिजरला हातही बसलेला असतो, पण पेशंटचं काहीतरी बिनसतंय हे काहींच्या लगेच लक्षात येतं आणि काहींच्या सगळं चार्टवर लिहूनसुद्धा येत नाही. रेस्पिरेशनचंच बघा, म्हणजे मिनिटाला किती श्वास ते, ओळीने सगळ्या पेशंटचं १८ लिहिलेलं, म्हणजे मोजलेलंच नाही. हे अनुभवाने आपोआप येतं का स्वभावातच असावं लागतं? ट्रेनिंगला पाठवून बघितलं, फारसा फरक नाही पडला.

उत्तर १
नुसती वर्षं भरून येत नाही हो. नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंत पाच टप्पे मांडले, त्यातही अनुभव म्हणजे गेलेला काळ नव्हे असंच आहे, आणि मुरलेली नर्ससुद्धा एकदम नव्या विभागात गेली की पुन्हा नवशिकी होऊ शकते. त्यामुळे दर थोड्या दिवसांनी स्टाफचे वॉर्ड बदलत राहिलात तर पेशंट ओळखायची नजर तयार व्हायची कधी?

उत्तर २
मी आयसीयूत ड्युटीला आहे. माझ्या मते शिकवायचं ते हे, की आकडा नॉर्मल आहे पण या पेशंटसाठी नॉर्मल आहे का. समजा ऑपरेशननंतरचा पेशंट, बीपी ११०/७०, पल्स ७८, चार्ट एकदम छान दिसतो. पण त्याचं नेहमीचं बीपी १६० आहे, मेटोप्रोलॉल (पल्स कमी ठेवणारं बीपीचं औषध) चालू आहे म्हणून पल्स वाढतच नाहीये, श्वास २६ वर गेलाय आणि युरिन बॅगेत दोन तासांत जेमतेम काही जमलंय, तर आतून ब्लीडिंग होत असेल ही शंका यायलाच हवी ना! चारही गोष्टी वेगवेगळ्या रकान्यात असतात, त्या जोडायला कोणीतरी शेजारी उभं राहून "असं का झालं असेल, सांग" म्हणून विचारावं लागतं, लेक्चर ऐकून ते होत नाही.

उत्तर ३
सगळं बरोबर, पण माणसं किती आहेत तेही बघा. नर्सिंग संशोधक लिंडा एकेन यांचा २००२ चा अमेरिकेतला अभ्यास आहे, सर्जरीच्या पेशंटवर, एका नर्समागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी जास्त दिसली. धावपळीत श्वास पूर्ण मिनिट मोजणार कोण. आणि रात्री डॉक्टरांना फोन केला की ओरडा बसत असेल तर शंका आली तरी पोरगी गप्प बसते, मग हळूहळू शंका येणंच बंद होतं. हे मला सगळ्यात घातक वाटतं.

प्रश्न विचारणारी
ओरड्याचं खरंय, आमच्याकडेही होतं. स्टाफ वाढवणं माझ्या हातात नाही, मग सुरुवात कुठून करू?

उत्तर २
हँडओव्हरपासून करा, म्हणजे शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती देतो तिथून. प्रत्येक पेशंटला एकच प्रश्न, "याचं पुढच्या शिफ्टमध्ये काय बिघडू शकतं आणि ते आधी कशात दिसेल?" उत्तर आधी नवीन स्टाफने द्यायचं, सिनियरने मध्ये बोलायचं नाही. आणि पहिले काही फोन तुम्ही शेजारी उभ्या राहून करायला लावा, एसबीएआर पद्धतीने, म्हणजे काय घडतंय, आधीचं काय, मला काय वाटतं, काय हवंय. "मला काय वाटतं" हे वाक्य मात्र गाळू देऊ नका.