दोन घरांत एक मावशी, कुणी केलंय का? (जळगाव)

मुलगी 9 महिन्यांची. 26 आठवड्यांची रजा कधीच संपली, सासूबाईंच्या गुडघ्यांनी दगा दिलाय. समोरच्या ब्लॉकमधल्या ताईंचा मुलगा दीड वर्षाचा. पिंप्राळ्याहून येणाऱ्या एकाच मावशींकडे महिन्यापासून दोघांना ठेवतोय: एक आठवडा आमच्याकडे, एक त्यांच्याकडे, पगार निम्मा-निम्मा. परवा ठिणगी पडली. ताई कूलर दुपारी दोनला बंद करून ठेवायला सांगतात. मे महिन्यात, जळगावात! लेक घामोळ्यांनी लाल होऊन घरी आली. बोलू कशी? रोज जिन्यात तोंड बघायचंय.

भुसावळची आई: तुमच्या आठवड्यालाही कूलर चालू हवा, असं ताईंना सरळ सांगा आणि तिथल्या बिलाचे पैसे द्या. खरी गोची आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) होते. आमच्या मावशी माहेरी गेल्या त्या आठ दिवसांनी उगवल्या. दोन्ही घरांना वाटलं, सुट्टी दुसरीने दिली!

धुळेकर बाबा: निम्मा-निम्मा म्हणजे मावशींना काय? पोरं दोन, लंगोट दुप्पट, पगार एकाचाच? आम्ही दीडपट देतो, प्रत्येकी पाऊण. वरण-बट्टीचं जेवण वेगळं.

मूळ प्रश्नकर्ती: पाऊण-पाऊण ताईंनाही पटलं, कूलरही चालू झाला. मावशींना सांगायला गेले तर म्हणतात, "पैसा मंग देखू, ताई. तुमनी पोर त्याले चावस, ते पहिले देखा." ताईंच्या मुलाच्या दंडावर चार दातांची खूण. ताई महिनाभर गप्प होत्या, बिचाऱ्या.