तुमच्या लेखी सगळ्यात भारी सायन्स फिक्शन पिक्चर कोणता? अनुभव लिहा

रामबागकर
भाचीने काल तिची टॉप टेन सायन्स फिक्शनची यादी पाठवली आणि त्यात ज्युरासिक पार्क नाहीच! तेव्हापासून डोक्यात १९९४ घुमतंय. हिंदीत डब होऊन आला होता, अख्खं घर गेलं होतं, आजीसुद्धा, तिला सांगितलेलं की प्राण्यांचा पिक्चर आहे. गाडीतल्या पेल्यातल्या पाण्यावर गोल गोल तरंग उठतात तो सीन आला आणि एवढं भरलेलं टॉकीज, पण पंख्यांच्या घरघरीशिवाय काही ऐकू येईना. डायनासोर अजून दिसलेलाही नाही आणि आजीने माझं मनगट आवळून धरलेलं. नंतर वाचलं की तो तरंग काढायला डॅशबोर्डखाली गिटारची तार लावून छेडली होती. दोन तासांच्या वरचा पिक्चर, त्यात डायनासोर सगळे मिळून पंधरा मिनिटांच्या आसपास, बाकी वेळ आपण नुसती वाट बघतो.

माझं मत सांगतो. सायन्स फिक्शनला एक थाप मारायची मुभा असते, एकच. डासाच्या पोटातल्या रक्तातून डायनासोर झाला, बरं, मानलं. पण पुढचं सगळं त्या थापेच्या नियमाने चाललं पाहिजे. शेवटपर्यंत नियम पाळतो तो महान. आता भांडा, पण नुसती नावं टाकू नका, कुठे कोणाबरोबर पाहिला तेही येऊ द्या.

कॅटवाले_काका
२००१: अ स्पेस ओडिसी. दुसरं नाव घेणार नाही. इंदूरच्या कॅट या सरकारी संशोधन केंद्राच्या कॉलनीत एका मित्राकडे व्हीसीआरवर पाहिला, सहा-सात घरचे लोक जमलेले. सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटं एक डायलॉग नाही, शेजारचे साहेब उठून उठून टीव्हीचा आवाज वाढवत होते. बायका मुलांना घेऊन घरी गेल्या, आम्ही तिघे उरलो.

मी नोकरीभर व्हॅक्यूमचं काम केलं. आमच्या इंडस या यंत्राच्या रिंगमध्ये इलेक्ट्रॉन फिरवायचे तर आतली हवा जवळजवळ सगळी काढून टाकावी लागते, पंप दिवसेंदिवस चालतात. निर्वात म्हणजे काय ते हाताला माहीत आहे. म्हणून तो सीन सांगतो, बोमन हा अंतराळवीर हेल्मेटशिवाय यानात शिरतो, दरवाजा स्फोटाने उडतो आणि आवाज शून्य! तो आत आपटतोय, भिंतीवर आदळतोय, तरी शून्य. मग तो लिव्हर ओढतो, हवा आत येते आणि हवेबरोबर आवाज येतो. १९६८ मध्ये, माणूस चंद्रावर उतरायच्या आधी, हे एवढं बरोबर दाखवलंय. यान फिरतं दाखवायला ३८ फूट व्यासाचं खरोखरचं फिरतं चाक बांधलं होतं. रामबागकर, तुमचा नियम इथे लावून बघा.

स्नेहा_सुदामानगर
काका 🙏 कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता वाचलं, परत वाचणार

भिया_इंदौरी
मिस्टर इंडिया का नाही कोणी घेतला?? १९८७. घड्याळ लावलं की गायब, पण लाल उजेडात दिसणार. बस एवढाच नियम आणि अख्खा पिक्चर त्यावर चालतो. रामबागकरदादांच्या हिशोबाने तर हा पहिल्या पाचात पाहिजे. आम्ही गल्लीतले पोरं चष्म्यावर लाल जिलेटीनचा कागद चिकटवून फिरायचो, कोण गायब झालंय बघायला 😂

रामबागकर
@भिया_इंदौरी शंभर टक्के मान्य भिया. लाल उजेड आहे म्हणूनच धाकधूक आहे, नाहीतर गायब माणसाला भीती कसली.

निशाचर
मला हा नियम-बियम पटत नाही. सोलारिस (१९७२चा, रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीचा) बघा. त्यात एक माणूस गाडीतून जातोय, जातोच आहे, बोगदे पूल बोगदे पूल, मिनिटामागून मिनिटं. टोकियोच्या रस्त्यांवर शूट केलंय ते. विज्ञान शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. पण तो ग्रह नायकाच्या मनातली, वारलेली बायको परत उभी करतो आणि त्याला कळतं की ही ती नाही, तरी सोडवत नाही. हॉस्टेलला असताना पाहिला, आजोबा जाऊन थोडेच दिवस झाले होते. तेव्हापासून माझ्यासाठी हाच एक नंबर, कोणी कितीही भांडो.

कॅटवाले_काका
निशाचर, तुझ्या आजोबांबद्दल वाचून वाईट वाटलं रे. पण गाडीचा सीन लांबच आहे.

स्नेहा_सुदामानगर
झाला स्वयंपाक. माझा इंटरस्टेलर. २०१४ला राहिला होता, फेब्रुवारी २०२५ला परत लागला तेव्हा बाबांना घेऊन गेले. दादा अमेरिकेला जाऊन बरीच वर्षं झाली, येतो येतो म्हणतो, सुट्टी नाही, मग कोविड, मग पोरांच्या शाळा. तर तो पाण्याचा ग्रह, एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, तिथून अंतराळवीर परत येतात तेव्हा २३ वर्षांचे मेसेज साठलेले असतात आणि नायक बसून एकेक बघतो, मुलगा मोठा होतो, लग्न करतो, त्याला मूल होतं, सगळं स्क्रीनवर. बाबा पूर्ण वेळ पुढे वाकून बसले होते. पार्किंगमध्ये आल्या आल्या म्हणाले त्याला फोन लाव. तिकडे दुपार, दादा मीटिंगमध्ये, तरी उचलला, आणि बाबा अर्धा तास बोलले, रिलेटिव्हिटी समजावत होते त्याला! दिवाळीत आला दादा. गराडू (आमच्याकडचा तळलेला कंद) खाऊन गेला.

मालवी_मिरची
स्नेहाताई रडवलंत. आणि गराडूचं नाव काढलंत, आता तळलेले, वर मसाला, वर लिंबू, अजून सीझनला किती वेळ आहे 😭

भिया_इंदौरी
सराफ्यात (आपल्या रात्रीच्या खाऊ बाजारात) लागले की मेसेज टाकतो

रामबागकर
स्नेहा, फार छान लिहिलंस. पण इंटरस्टेलरवर माझी तक्रार आहेच. ब्लॅक होलपर्यंत कडक, भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्नने स्वतः समीकरणं दिली, एकेका फ्रेमला संगणकाला शंभर शंभर तास लागले म्हणतात, आणि २०१९ला खऱ्या ब्लॅक होलचा फोटो आला तेव्हा मधला काळा गोल आणि भोवतीचं तेजाचं कडं बघून पहिल्यांदा हाच पिक्चर आठवला. आणि मग शेवटी पुस्तकांचं कपाट! प्रेम सगळ्या मितींच्या पार जातं! ही दुसरी थाप झाली की नाही?

स्नेहा_सुदामानगर
नाही झाली. बाप मुलीशी बोलायला धडपडतोय हे पहिल्या सीनपासून आहे. तुमचा नियम फक्त यंत्रांना लागू होतो का दादा, माणसांना पण लावा ना.

निशाचर
👏👏👏

ग्वाल्हेरची_काकू
आमच्याकडे हे पिक्चर कोणी बघत नव्हतं, माझी सुरुवात झाली ती नारळीकरांच्या गोष्टींपासून. १९७४ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने कृष्णविवर पाठवली, अक्षर ओळखू नये म्हणून बायकोकडून लिहून घेतली आणि पहिलं बक्षीस मिळालं. आई आम्हाला त्यांच्या गोष्टी मोठ्याने वाचून दाखवायची. २० मे २०२५ला ते गेले त्या दिवशी मी आईला फोन केला, ती म्हणाली पुस्तक काढून ठेवलंय, ये तू. पिक्चर विचाराल तर अरायव्हल. परग्रहवाल्यांची गोल गोल लिपी शिकता शिकता नायिकेला मुलीचं पुढचं सगळं दिसायला लागतं, दुःखासकट, तरी ती मुलगी होऊ देते. एकुलत्या एका लेकीची आई आहे मी, त्याच्यापुढे लिहवत नाही.

मालवी_मिरची
काकू ❤️

भिया_इंदौरी
एक मजा सांगतो. स्पिलबर्गचा क्लोज एन्काउंटर्स (१९७७) त्यात हजारो लोक जमिनीवर बसून पाच सुरांचं गाणं गातात आणि कुठून ऐकलं विचारल्यावर सगळ्यांची बोटं एकदम आभाळाकडे. पिक्चरमध्ये धर्मशाला म्हणून दाखवलंय पण शूटिंग झालं आपल्या खालापूरजवळच्या हाळ गावात! म्हणजे परग्रहवाल्यांचा निरोप मराठी माणसांनी घेतलाय. मी तो सीन घरच्या सगळ्यांना दाखवलाय, आजोबा म्हणाले टोप्या ओळखीच्या वाटतात.

निशाचर
सत्यजित रायनी १९६७ला द एलियनची स्क्रिप्ट लिहिलेली, बंगालच्या खेड्यात तळ्यात यान उतरतं. हॉलिवूडपर्यंत गेली आणि तिथेच अडकली. ती झाली असती तर आज ही यादीच वेगळी असती असं मला मनापासून वाटतं.

कॅटवाले_काका
खरं आहे. फार हळहळ वाटते त्याची.

मालवी_मिरची
मुलीला ट्यूशनला सोडून आले. माझा कॉन्टॅक्ट, १९९७. एवढ्या सायन्स फिक्शनमध्ये बाई कानाला हेडफोन लावून परग्रहावरून काही संदेश येतो का ते एकटी ऐकत बसलीय, आणि सगळे तिला सांगतायत वेळ वाया घालवतेस, आणि ती हलत नाही. मूळ कादंबरी लिहिणारे कार्ल सेगन पिक्चर येण्याआधीच गेले, त्यांनी पूर्ण झालेला पाहिला नाही याचं मला अजून वाटतं. बीएस्सीला होते तेव्हा पाहिला आणि घरी सांगितलं की मी फिजिक्सच घेणार, एमएस्सी केलंच. मग खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला गेलो, ४५ मीटरच्या तीस डिश, शेतांच्या मधोमध, आणि आत शिरताना मोबाइल बंद करायला लावतात कारण आपला फोन त्या दुर्बिणीला आरडाओरड्यासारखा ऐकू येतो. मी तिथे उभी राहून मुलीला कॉन्टॅक्टमधल्या जोडी फॉस्टरची सगळी गोष्ट सांगितली.

स्नेहा_सुदामानगर
मिरची, हे खोडद कुठे आलं? मुलांना नेता येईल का?

मालवी_मिरची
नारायणगावजवळ ग. इंदूर-पुणे गाडीने जा, पुढे नाशिक रस्त्याने दीड-दोन तास. २८ फेब्रुवारीच्या सुमारास विज्ञान दिनाला सगळ्यांसाठी उघडं असतं, शाळांच्या पोरांचे मॉडेल पण असतात. रिझर्वेशन आत्तापासून बघ, त्या गाडीला वेटिंग फार असतं.

कॅटवाले_काका
मी पण येतो. सीट लोअर बघा.